राजूर घाट आणि पंधरा अँपिअरचे सॉकेट

बुलढाणा जिल्ह्यात कुणी आपल्या गावाचे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. मुंबई-हावडा लोहमार्ग खालून जातो, मलकापूर-नांदुरा-जलंब-शेगाव असा. जिल्ह्याचे मुख्यालय मात्र वर, आणि तिथे रेल्वे नाही. बुलढाण्याच्या माणसाला आगगाडी गाठायची तर आधी घाट उतरावा लागतो.

त्यामुळे इथे मोटारगाडी ही मिरवायची वस्तू होण्याआधी गरजेची वस्तू असते. तिचे चालणेही एका ठरावीक तऱ्हेचे असते. रोजचा पल्ला लहान असतो : बुलढाणा ते चिखली पंचवीस किलोमीटरच्या आसपास, खामगाव ते शेगाव वीसच्या आत. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. महिन्यातून एकदा-दोनदा मात्र तीच गाडी लांब पळते. मुलगी पुण्याला शिकते, दवाखाना छत्रपती संभाजीनगरला किंवा अकोल्याला आहे, लग्न नागपूरला आहे. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर आणि अधूनमधून चारशे-पाचशे, अशा दुहेरी वापरासाठी जगात एक खास गाडी तयार झाली आहे. तिचे नाव प्लग-इन हायब्रिड. बुलढाण्याच्या भूगोलाला इतकी नेमकी बसणारी गाडी शोधून सापडणार नाही, आणि बुलढाण्याच्या बाजारात तिच्याइतकी दुर्मीळ गाडीही दुसरी नाही. हे असे का, आणि तरीही ती घ्यायची झाली तर घरी काय तयारी लागते, ते या प्रकरणात पाहू.

आधी नावांचा घोळ मिटवायला हवा, कारण शोरूममध्ये ‘हायब्रिड’ हा शब्द फार सैल वापरला जातो. सौम्य हायब्रिडमध्ये लहानशी मोटार इंजिनाला नुसता हातभार लावते. ती गाडी विजेवर एकटी धावत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. टोयोटाची हायरायडर, मारुतीची ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस या तिच्या ओळखीच्या गाड्या. ती काही अंतर निव्वळ विजेवर जाते, पण तिची बॅटरी एक-दोन युनिटांच्या आसपासची, किंवा त्याहूनही लहान. ही वीज येते ब्रेक लावताना वाचलेल्या जोरातून आणि इंजिनातून, म्हणजे अखेर पेट्रोलमधूनच. तिला भिंतीतल्या सॉकेटला जोडायची सोयच नसते. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी चांगली मोठी, साधारण दहा ते पंचवीस युनिटांची, आणि बाजूला किंवा मागे चार्जिंगचे तोंड. रात्री घरी चार्ज केली की दुसऱ्या दिवशीचे चाळीस ते ऐंशी किलोमीटर विजेवर, आणि वीज संपली की पेट्रोलचे इंजिन आहेच. वाटेत थांबून राहण्याची भीती नाही. चौथी अर्थातच संपूर्ण विजेवरची गाडी.

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आयती आली असे वाटत असेल तर तसे नाही. २०१० साली पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ नावाचा संच जाहीर केला होता. रस्त्यावर असलेल्या साध्या पेट्रोल गाडीतच बॅटऱ्या आणि विजेची मोटार बसवायची, ती मोटार इंजिनाला मदत करणार, आणि बॅटऱ्या घरच्या प्लगवर चार्ज करायच्या. म्हणजे नवी गाडी न घेता जुनीच गाडी प्लग-इन हायब्रिड करायची. किंमत सांगितली होती ६५ हजार ते दीड लाखाच्या दरम्यान, आणि इंधनबचतीचा दावा चाळीस टक्क्यांहून अधिक. मित्सुबिशीची आउटलँडर ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही जपानमध्ये विक्रीला आली जानेवारी २०१३ मध्ये. म्हणजे पुण्यातले अभियंते काळाच्या मागे नव्हते. पण रस्त्यावरच्या गाडीत अशी भर घालायला परवानगी देणारे नियमच तेव्हा आपल्याकडे नव्हते. ते आले २०१६ मध्ये. रेव्होलो सामान्य ग्राहकापर्यंत कधी पोचलीच नाही. मला या प्रकरणाची हळहळ वाटते, कारण तो संच बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या ऐपतीचा होता.

त्याच २०१० च्या ऑक्टोबरात, बुलढाण्यापासून दीडशे किलोमीटरवरच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दीडशे मर्सिडीज गाड्या एकाच दिवशी विकल्या गेल्याची बातमी देशभर गाजली. शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन कंपनीशी सौदा केला, एकूण रक्कम ६५ कोटी, आणि कर्ज स्टेट बँकेचे. ही गोष्ट इथे काढायचे कारण असे की प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीचा भारतातला प्रवास याच वर्गाच्या अंगणात झाला. २०१६ मध्ये व्होल्वोने एक्ससी ९० टी ८ आणली. किंमत सव्वा कोटी. २०१८ मध्ये पोर्शची केयेन ई-हायब्रिड आली, दीड कोटीच्या वर. डिसेंबर २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूची एक्सएम आली, २ कोटी ६० लाखांना. तिच्यात आठ सिलिंडरचे ४.४ लिटरचे इंजिन आणि २५.७ युनिटांची बॅटरी. पंधरा-वीस-पंचवीस लाखांत, जिथे चिखलीचा आडत्या किंवा खामगावचा डॉक्टर गाडी शोधतो, तिथे प्लग-इन हायब्रिडच्या रकान्यात वर्षानुवर्षे काहीच नव्हते.

कारण करात आहे, आणि ते आकड्यांत पाहिले तर लगेच पटते. संपूर्ण विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. १ ऑगस्ट २०१९ पासून तो तेवढाच आहे. हायब्रिडला, मग ती प्लगची असो वा बिनप्लगची, करवाल्यांनी पेट्रोल गाडीच्याच पंगतीत बसवले. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर असे ४३ टक्के लागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ४० झाले. समजा, दोन गाड्या कारखान्यातून प्रत्येकी २० लाखांना बाहेर पडल्या. विजेची गाडी कर धरून २१ लाखांची झाली. महाराष्ट्रात तिला मोटार वाहन करही माफ. प्लग-इन हायब्रिड झाली २८ लाखांची, आणि वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला पासिंगच्या वेळी राज्याचा १३ टक्के कर, म्हणजे आणखी साडेतीन लाखांच्या वर. दारात उभी राहीपर्यंत फरक दहा लाखांपेक्षा जास्त. दोन यंत्रणा एकाच गाडीत बसवायचा खर्च आधीच अधिक, त्यात हा कर. कोणती कंपनी हा धंदा करील?

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र म्हणता येत नाही. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने एक अहवाल काढला. २०२१ साली रस्त्यावर आलेल्या गाड्यांच्या आतल्या संगणकातून प्रत्यक्ष इंधनवापराची माहिती गोळा केली होती. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त इंधन खात होत्या. प्लग-इन हायब्रिडचा कार्बन वायू मात्र कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. गाड्यांत दोष नव्हता. माणसे त्या चार्जच करत नव्हती. कंपनीने दिलेली गाडी, पेट्रोलचे पैसे कंपनीचे, मग रोज रात्री वायर कोण लावणार? चार्जिंगची केबल डिकीत प्लास्टिकच्या वेष्टनातच पडून राहिली. चार्ज न केलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे जड बॅटरी उगाच वाहणारी पेट्रोल गाडी. हा विषय म्हणूनच गाडीपेक्षा घरातल्या सॉकेटचा जास्त आहे, आणि तिथे बुलढाण्याची स्वतःची काही गाऱ्हाणी आहेत. पण आधी घाट.

बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे निघाले की गाव संपते न संपते तोच राजूर घाट लागतो. माथ्यापासून खालच्या सपाटीपर्यंतचा उतार ढोबळमानाने ३५० मीटर धरू. माणसांसकट २,३०० किलोंची एसयूव्ही एवढी उंच उचलायला नुसती सव्वादोन युनिट वीज लागते. हे शाळेतले वस्तुमान, गुरुत्वाकर्षण आणि उंचीचे गणित. रस्त्याचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध वेगळा. व्होल्वोच्या पहिल्या टी ८ ची बॅटरी ९.२ युनिटांची होती. म्हणजे घाट चढण्यातच जवळपास पाव बॅटरी गेली. मलकापूरहून येताना कंपनीने सांगितलेला विजेचा पल्ला गाठता आला नाही म्हणून गाडीला बोल लावू नये; गाडीने तुम्हाला डोंगरावर उचलून आणलेले असते.

उतरताना उलटे घडते. पाय पेट्रोलवरून काढला की मोटार जनित्र होते, चाकांचा जोर ओढून बॅटरीत भरते आणि गाडी आपोआप मंदावते. वर जाताना घातलेल्या ऊर्जेतला साठ टक्क्यांच्या आसपास भाग असा परत मिळतो, म्हणजे राजूर घाटात एक-सव्वा युनिट. ब्रेकचे लायनर वाचते ते वेगळेच. पण यात एक मेख आहे आणि ती घाटावरच्या माणसालाच कळते. रात्री घरी बॅटरी शंभर टक्के भरली आणि सकाळी थेट राजूर घाट उतरायला घेतला, तर ती वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. गाडी मग नेहमीसारखी आपोआप रोखली जात नाही. साध्या ब्रेकवर किंवा इंजिनाच्या रोधावर भार येतो. तेव्हा खाली जायचे असेल त्या रात्री गाडीतल्या पडद्यावर चार्जिंगची मर्यादा पंचाऐंशी-नव्वद टक्क्यांवर लावून ठेवावी. तशी सोय नसलेल्या गाडीत वेळ लावता येते : चार्जिंग तासभर आधी बंद. खामगावकडे बोथा घाटाने उतरणाऱ्यालाही हेच लागू. खालून वर येणाऱ्याने मात्र बॅटरी काठोकाठ भरावी.

समृद्धी महामार्गाचा हिशेब निराळा. मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जिल्ह्याच्या दक्षिणेतून, सिंदखेडराजा, लोणार आणि मेहकर तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १२० ने गेले तर तो सव्वादोन पट होतो. या वेगाला चाळीस-पन्नास किलोमीटरचा विजेचा पल्ला वीस मिनिटांत संपतो. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी राखून ठेवण्याचे बटण असते. समृद्धीवर चढताना ते दाबावे, इंजिन तिथे त्याच्या आवडीच्या चालीत असते. आणि नागपुरात किंवा नाशकात शिरल्यावर, सिग्नलच्या गर्दीत, ती राखलेली वीज वापरावी. बहुतेक मालक नेमके उलट करतात. घरातून निघताच वीज उधळतात आणि शहरातल्या कोंडीत पेट्रोल जाळतात.

हमरस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनचा या गाडीला फारसा उपयोग नाही, हे पुष्कळांना गाडी घेतल्यावर कळते. तिथल्या जाड गनेला सीसीएस-२ म्हणतात. वरच्या बाजूला सात पिनांचे वर्तुळ आणि खाली दोन मोठ्या पिना. खालच्या पिनांतून थेट डीसी वीज वेगाने जाते. बहुतेक प्लग-इन हायब्रिडच्या तोंडाला नुसते वरचे वर्तुळ असते, टाइप-२ चे. खालची भोकेच नाहीत. ती गाडी घरातली एसी वीज घेते आणि आपल्या पोटातल्या चार्जरने हळूहळू पचवते. धाब्यावर अर्धा तास थांबून ती भरत नाही, आणि भरायची गरजही नसते, टाकीत पेट्रोल असते.

टोलचेही सांगायला हवे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. ती हिरव्या पाटीच्या गाड्यांना, आणि हिरवी पाटी निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची. प्लग-इन हायब्रिडला टाकी आहे, तेव्हा पांढरी पाटी आणि पूर्ण टोल. एप्रिल २०२५ पासून समृद्धीवर मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे पडतात. तीनशे किलोमीटर जाऊन परत यायचे तर बाराशेच्या वर गेले.

आता घरी येऊ. माझ्या मते गाडी घेण्याचा खरा निर्णय इथेच होतो, शोरूमच्या काचेमागे होत नाही.

गाडीबरोबर मिळणारा चार्जर बहुधा १० अँपिअर ओढतो. २३० व्होल्टला ते झाले २.३ किलोवॉट, एका गिझरइतके. अठरा युनिटांची बॅटरी भरायला गळती धरून भिंतीतून वीस युनिट घ्यावी लागतात, म्हणजे पावणेनऊ तास. रात्री नऊला लावली तर सकाळी सहाला तयार. हे झाले कागदावर. उन्हाळ्याच्या रात्री, गावातले सगळे कूलर सुरू असताना, शेवटच्या डीपीपासून दूरच्या घरात व्होल्टेज १८० वर आलेले असते. चार्जर तेवढेच १० अँपिअर ओढतो, पण आता ते १.८ किलोवॉटच होतात आणि पावणेनऊ तासांचे अकरा तास होतात. व्होल्टेज आणखी घसरले तर चार्जर स्वतःच थांबतो. सकाळी अर्धी भरलेली गाडी पाहून मालक कंपनीला फोन लावतो. बिघाड गाडीत नसतोच. उपाय साधा आहे. चार्जिंगची वेळ मध्यरात्रीनंतरची लावायची. तोवर भार उतरतो, व्होल्टेज चढते, हवाही जरा निवते. मे महिन्यात घाटाखाली, नांदुरा-जळगाव जामोदकडे, पारा ४४-४५ पर्यंत जातो, तेव्हा उन्हात तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणाच भिंतीतली वीज खात बसते.

सॉकेट पंधरा-सोळा अँपिअरचे हवे हे सगळेच सांगतात, पण नुसते तेवढे पुरत नाही. गिझर वीस मिनिटे चालतो, इस्त्री अर्धा तास. गाडी आठ तास न थांबता तोच प्रवाह ओढते. स्वस्त सॉकेटमधली पितळी पकड ढिली असली की तिथे उष्णता साठते, प्लॅस्टिक पिवळे पडते, मग काळे. वायरमनला निळे, गोल, झाकणाचे इंडस्ट्रियल सॉकेट बसवायला सांगावे. फरक काही शे रुपयांचा असतो. वायरीचेही तसेच. मीटर ओसरीत आणि शेड मागच्या अंगणात, मध्ये चाळीस मीटर अंतर, आणि कुणीतरी लाईटच्या पॉइंटची दीड एमएमची वायर ओढून ठेवली आहे, असे चित्र घरोघर दिसते. जाऊन-येऊन ऐंशी मीटर तांब्यात १० अँपिअरला जवळपास दहा व्होल्ट गळतात आणि शंभर वॉट वीज रात्रभर भिंतीत उष्णता होऊन जाते. चार एमएमची वायर घातली की हाच तोटा चाळीस वॉटच्या आत येतो. या सॉकेटसाठी मीटरपासून वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि गळतीचा धक्का वाचवणारा आरसीसीबी हवाच.

अर्थिंगवर मात्र मी अडून बसेन. चार्जर सुरू होण्यापूर्वी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून थांबतो. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. असलीच तर ती नळाच्या पाइपला गुंडाळलेली असते, आणि तो पाइप आता प्लॅस्टिकचा झालेला असतो. शिवाय आपली काळी कपाशीची माती. पावसाळ्यात ती ओल धरते आणि विजेला उत्तम वाट देते. एप्रिल-मेमध्ये तिला हात-हात भेगा पडतात, माती अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि पावसाळ्यात पास झालेले अर्थिंग उन्हाळ्यात नापास होते. मीठ-कोळशाचा खड्डा करून घेतला असेल तर उन्हाळाभर आठवड्याला बादली-दोन बादल्या पाणी त्यात ओतायला हवे. लाल दिवा चुकवण्यासाठी न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटमध्येच एकत्र जोडून देणारे कारागीर भेटतात. तसे कदापि करू देऊ नये. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरेल, आणि दाराला हात लावणारे तुमचे मूल असेल.

शेतातल्या घरी गाडी ठेवणाऱ्यांना मोह होतो तो पंपाच्या जोडणीचा. वावरात थ्री-फेज आलेलीच असते. पण कृषिपंपासाठी सवलतीत मिळालेली वीज मोटारीला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला अशी आडकाठी नाही. मंजूर भार मात्र पाहावा. पूर्वी कधी एक-दोन किलोवॉटचा भार मंजूर झालेल्या घराने महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. घरचा इन्व्हर्टर या कामाचा नाही, त्याच्या बॅटरीतच पुरती दोन युनिट नसतात.

पैशांचा हिशेब करू. रोज ५० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. एसयूव्ही भिंतीतल्या एका युनिटवर साडेचार किलोमीटर जाते असे धरले तर रोज ११ युनिट, महिन्याला २७५. घरगुती वीजदर पायऱ्यांचा आहे : शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. घराचा वापर आधी दीडशे युनिट असेल तर गाडीची युनिटे वरच्या महाग पायऱ्यांवर पडतात. म्हणून सरासरी दर १४ रुपये धरू. रोजचे झाले १५४ रुपये. तेच अंतर लिटरला १२ चे अॅव्हरेज देणाऱ्या पेट्रोल एसयूव्हीने, १०५ रुपयांच्या भावाने कापले तर ४३७. वर्षाकाठी वाचले ८५ हजार. रक्कम लहान नाही. पण आधी पाहिलेला दहा लाखांचा करातला फरक भरून यायला त्यातून बारा वर्षे लागतील. कोटीच्या गाडीत तर बचतीची भाषाच करू नये. म्हणून आज विचारणाऱ्याला मी असे सांगतो : रोजचे चालणे जास्त असेल आणि घरी चार्जिंगची पक्की सोय असेल तर विजेची गाडी, सोय नसेल तर बिनप्लगची स्ट्राँग हायब्रिड. प्लग-इनसाठी थांबण्याची तयारी असेल तर नजर छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनकडे ठेवावी. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरातल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सुमारे २० हजार कोटींचा करार केला आहे, विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांसाठी. त्याच परिसरात जेएसडब्ल्यू समूहाचाही असा प्रकल्प जाहीर झाला आहे. घाटावरून तीन तासांच्या अंतरावर या गाड्या बनू लागल्या तर भाव आणि सर्व्हिस दोन्ही जवळ येतील.

छपरावर सौर संच बसवणाऱ्याचा हिशेब मात्र बदलतो. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांचे अनुदान आहे. आपल्या उन्हात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरली तर रोज बारा युनिट, म्हणजे गाडीचे रोजचे जेवण जवळजवळ नेमके तेवढेच. गाडी दिवसा कचेरीत किंवा मोंढ्यात असली तरी अडत नाही. नेट मीटरमुळे दिवसाची वीज महावितरणकडे जमा होते आणि रात्री परत मिळते.

जुन्या बाजारातून टी ८ सारखी गाडी घेण्याचा विचार पुष्कळ जण करतात, कारण पाच-सहा वर्षांत या गाड्यांचे भाव निम्म्याहून खाली येतात. तिथे बॅटरीचा दाखला आधी मागावा. उच्च दाबाच्या बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. तिच्यातली किती शिल्लक आहे आणि ती नव्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्यावे. बॅटरी पूर्ण भरून निव्वळ विजेवर किती अंतर जाते ते स्वतः चालवून पाहावे. बॉनेट उघडून नारिंगी रंगाच्या जाड केबली निरखाव्यात. कापूस-सोयाबीनच्या गोदामाजवळ उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या वायरी हमखास सापडतात, आणि या केबली गल्लीतल्या गॅरेजात जोडायच्या नसतात. पेट्रोलही पाहावे. आता पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. रोज विजेवरच फिरणाऱ्या गाडीच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते. टाकी नेहमी अर्धीच भरावी आणि पंधरवड्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. राजूर घाट त्यासाठी उत्तम.

आणि बुकिंगची रक्कम भरण्याआधी घरी एक परीक्षा घ्यावी. ज्या सॉकेटवर गाडी लावायची त्यावर दोन हजार वॉटचा हीटर जोडावा आणि रात्री चार तास सलग चालू ठेवावा, स्वतः जवळ बसून. सुरू करण्याआधी व्होल्टमीटरवरचा आकडा लिहून ठेवावा, सुरू केल्यावर पुन्हा पाहावा. पंधरा व्होल्टपेक्षा जास्त घसरला तर मीटरपासूनची वायर बदलायची आहे. चार तासांनी स्विच बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या पिनांजवळ, न टेकवता, हाताचा मागचा भाग न्यावा. धग लागली तर आधी सॉकेट बदलायचे.